मांजर उंदराला वारा घालतं
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं व्यंगचित्रावर बोलायला सांगितलंय. मी सुरुवात एका संपापासून करणार आहे. संप गिरणीतला नाही. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली त्याला.

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पश्चिम काठाला, आजच्या लक्सर शहरासमोर, देर अल-मदिना म्हणून एक वस्ती होती. राजांची थडगी डोंगरात खोदायची, भिंती घासायच्या, त्यावर चित्रं काढायची, रंगवायची, हा त्या वस्तीचा धंदा. पाथरवट, गिलावा करणारे, चितारी. पगार पैशात नव्हे, धान्यात. महिन्याला गहू आणि जव. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीचं एकोणतिसावं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७च्या आसपास, धान्य वेळेवर आलं नाही. मग या लोकांनी हत्यारं खाली ठेवली, पहाऱ्याच्या भिंती ओलांडल्या आणि राजांच्या देवळांमागं जाऊन बसले. साहेब लोक समजूत घालायला आले. हे उठेनात. आम्ही भुकेनं आणि तहानेनं इथवर आलोय, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा, असं म्हणाले. अमेननाख्त नावाच्या कारकुनानं हे सगळं टिपून ठेवलं. तो कागद आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगात ज्याची लेखी नोंद सापडते असा हा पहिला संप.

आता तुम्ही म्हणाल, यात व्यंगचित्र कुठं आलं? त्याच वस्तीत आलं. तिथल्या उकिरड्यात आणि घरांत चुनखडीच्या कपच्या सापडल्या, हजारोंनी. पपायरस महाग. म्हणून हिशेब, निरोप, चिठ्ठ्या सगळं फुटक्या दगडाच्या कपचीवर. आणि काही कपच्यांवर चित्रं. एका कपचीवर उंदीर खुर्चीत बसलाय थाटात, आणि मांजर त्याच्यासमोर उभं राहून पंख्यानं वारा घालतंय, भाजलेलं बदक पुढं करतंय. दुसरीकडं मांजर हातात काठी घेऊन बदकं राखतंय. तुरीनलाच असलेल्या एका पपायरसवर उंदरांचा राजा रथात उभा आहे, रथाला कुत्री जुंपलीत, आणि उंदरांची फौज मांजरांच्या किल्ल्यावर चालून जातेय. (त्याच पपायरसच्या उरलेल्या भागात स्त्री-पुरुषांचे जे उद्योग काढलेत ते मी इथं सांगत नाही. पोरं हसतायत, म्हणजे कळलं.)

त्या उंदीरराजाची ऐट बघा. रथात उभा, धनुष्य ताणलेलं, शत्रू कोसळतोय. देवळांच्या भिंतीवर फेरो हुबेहूब तसाच उभा असतो. दिवसा ज्या वस्तीतल्या हातांनी राजाच्या परलोकाचा थाट रंगवला, त्याच वस्तीतल्या हातांनी कपचीवर राजाला उंदीर केला. काही पंडित म्हणतात, छे, ह्या नुसत्या जनावरांच्या गोष्टी, यात राजकारण शोधू नका. पंडितांना असं म्हणायची सवय असते. ज्यांचं धान्य थकलं, जे संपावर बसले, त्यांनी मांजराला उंदराची चाकरी करायला लावली, आणि त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता? मला हे पटत नाही.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. व्यंगचित्राला जात्याच पक्ष नसतो. आता रोममध्ये चला. पॅलाटाईन टेकडीवर बादशहाचे वाडे होते. तिथं एका इमारतीत वाड्यातल्या गुलाम पोरांना शिकवून तयार करत. १८५७ साली त्या इमारतीच्या गिलाव्यावर ओरखडलेलं एक चित्र सापडलं, साधारण इसवी सन २००च्या सुमाराचं. क्रुसावर एक माणूस लटकवलाय, त्याला डोकं गाढवाचं. खाली एक पोरगा हात वर करून उभा. आणि ग्रीक अक्षरात वेडंवाकडं लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाला पुजतो. ख्रिस्ताचं क्रुसावरचं जे सर्वांत जुनं चित्र आपल्याला ठाऊक आहे त्यात हे मोडतं, आणि ते काढलंय टवाळीसाठी. क्रूस ही शिक्षा कुणाची? गुलामांची, बंडखोरांची. गुलामाच्या मरणानं मेलेल्या माणसाला देव मानणारा एक पोरगा, आणि त्याच्यावर फिदीफिदी हसणारं दुसरं कुणीतरी, बहुधा त्याच्यासारखंच पट्टा गळ्यात असलेलं. मालकाला इथं बोटसुद्धा उचलावं लागलं नाही. हे चित्र बघताना मला आपल्या पोटजाती आठवतात. पुढं बोलायची गरज नाही. शेजारच्या खोलीत मात्र वेगळ्या हातानं लिहिलेलं सापडलं की अलेक्सामेनोस निष्ठावंत आहे. उत्तर त्यानंच दिलं की त्याच्या दोस्तानं, सांगता येत नाही.

जपानात बाराव्या-तेराव्या शतकात ससे, बेडूक आणि माकडं काढलेल्या लांबलचक गुंडाळ्या झाल्या. क्योतोच्या कोझान-जी मठाच्या आहेत त्या. त्यात माकड भिक्षू बनून पूजा करतंय आणि देवाच्या जागी बेडूक बसलाय. मजा आहे. पण त्या मठातल्या गुंडाळ्या, मठाच्या भिंतीआड. बाजारात गेल्या नाहीत.

बाजारात चित्र गेलं ते छापखान्यामुळं. १५२१ साली जर्मनीत विटेनबर्गला लुकास क्रानाखच्या कारखान्यानं लाकडी ठशांची चित्रं छापली, जोडीजोडीनं. एका पानावर येशू शिष्यांचे पाय धुतोय, समोरच्या पानावर पोप स्वतःच्या पायांचे मुके घ्यायला लावतोय. अडाणी शेतकऱ्यालाही कळावं असं. कळलंही. पण चारच वर्षांत, १५२५ला, तोच शेतकरी जमीनदारांवर उठला तेव्हा लूथरसाहेब राजेरजवाड्यांच्या बाजूला गेले. आणि त्याच विटेनबर्गच्या चर्चच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारं डुकरिणीचं शिल्प तेराशेच्या सुमारापासून आहे. ते काढा म्हणून एक ज्यू माणूस कोर्टात गेला. २०२२ साली जर्मनीच्या वरिष्ठ कोर्टानं सांगितलं, खाली माहितीची पाटी लावलीय ना, मग राहू द्या. सातशे वर्षांचं हसणं एका पाटीनं फिटलं.

आता कॅरिकेचर हा शब्द. इटालियन भाषेतल्या ‘कारिकारे’वरून आलाय. अर्थ, लादणं, ओझं भरणं. सोळाव्या शतकाच्या शेवटी बोलोन्याच्या काराच्ची भावांच्या चित्रशाळेत माणसाच्या चेहऱ्यातलं एखादं नाक, एखादी हनुवटी धरून त्यावर ओझं लादायचा खेळ सुरू झाला. हा शब्द ध्यानात ठेवा. ओझं. आपल्याला पुढं लागणार आहे.

या ओझ्याची भीती सरकारला किती वाटते हे बघायचं तर पॅरिसला जावं लागतं. १८३०ला तिथं क्रांती झाली, लोक रस्त्यावर मेले, आणि गादीवर आला शेठसावकारांचा राजा लुई फिलिप. शार्ल फिलिपाँ नावाच्या माणसानं चित्रांचं साप्ताहिक काढलं. त्यात ओनोरे दोमिए हा काच बसवणाऱ्या कारागिराचा पोरगा. शिळाप्रेसवर काम करायचा. दगडावर तेलकट खडूनं काढायचं, पाणी मारायचं, शाई फिरवायची, शाई फक्त तेलकट रेघेला धरते, आणि कागद दाबला की चित्र तयार. लाकडात कोरत बसायला नको. सकाळी घडलं ते आठवड्यात लोकांच्या हातात. १८३१च्या डिसेंबरात दोमिएनं राजाला राक्षस करून संडासाच्या खुर्चीवर बसवला. त्याच्या तोंडाला फळी लावलीय, हमाल टोपल्या भरभरून गरिबांचा पैसा त्याच्या घशात ओततायत, आणि खुर्चीखालून बाहेर पडतायत बिरुदं, नेमणुका, हुकूम. दोमिएला सहा महिने तुरुंग. दगड फोडून टाकायचा हुकूम झाला.

फिलिपाँवर खटला आधीच चालू होता. तो कोर्टात उभा राहिला आणि त्यानं कागदावर चार रेघोट्यांत राजाचा चेहरा पायरीपायरीनं पेअर फळासारखा करून दाखवला. म्हणाला, सांगा, यातलं नेमकं कुठलं चित्र गुन्हा? पहिलं गुन्हा असेल तर दुसरं त्याच्यासारखंच आहे, आणि मग शेवटी झाडावरचं फळही आत टाकावं लागेल. शिक्षा झालीच. पण पॅरिसच्या भिंतींवर पोरांनी कोळशानं फळं काढायला सुरुवात केली. फ्रेंच बोलीत त्या फळाचा दुसरा अर्थ बावळट. पुढं १८३४ला कोर्टाचा निकाल छापणं सक्तीचं झालं तेव्हा त्यांच्या ‘शारिवारी’ दैनिकानं तो निकालच फळाच्या आकारात जुळवून छापला! असं डोकं पाहिजे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या कामगार वस्तीत उठाव झाला. ट्रान्सनोनँ गल्लीतल्या एका घरातून गोळी आली म्हणून शिपाई आत घुसले आणि दिसेल त्याला मारलं. दोमिएनं त्या घरातली एक खोली काढली. बिछान्यातून ओढलेला एक माणूस रात्रीच्या सदऱ्यात पालथाउताणा पडलाय, त्याच्या अंगाखाली लहान मूल. बाजूला म्हातारा. या चित्रात विनोद नाही, नाक लांब केलेलं नाही, कुणाचं तोंड गाढवाचं नाही. सरकारनं सापडतील त्या प्रती उचलल्या. व्यंगचित्रकार हा हसवणारा माणूस असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चित्र एकदा समोर ठेवावं.

सप्टेंबर १८३५ला सरकारनं कायदा केला. लेख आधी दाखवायची गरज नाही, चित्र मात्र सरकारी मंजुरीशिवाय छापायचं नाही. कारण काय दिलं? लेख हे मत आहे, चित्र ही कृती आहे. लेख वाचून माणूस विचार करतो, चित्र बघून उठतो. खरं कारण त्याच्यामागं होतं. लेख वाचायला शाळा लागते. चित्र बघायला डोळे पुरतात.

हेच अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ट्वीडला कळलं होतं. शहराची तिजोरी धुऊन खाल्लेला पुढारी. १८७१ला थॉमस नास्टनं त्याला असा सोलला की तो पळाला, आणि १८७६ला स्पेनमध्ये नास्टच्या चित्रावरूनच ओळखून पकडला गेला. व्यंगचित्राच्या इतिहासात ही गोष्ट सगळे चवीनं सांगतात. पुढची सांगत नाहीत. याच नास्टनं यादवी युद्धानंतर काळ्यांच्या मुक्तीची बाजू घेऊन चित्रं काढली होती. आणि १८७४ला, दक्षिणेत काळे लोक निवडून येऊन विधिमंडळात बसायला लागले तेव्हा, त्यानंच त्यांना जाड ओठांचे, एकमेकांच्या अंगावर ओरडणारे गावंढळ काढले. तुम्ही बेड्यांत आहात तोवर तुमच्याबद्दल कळवळा. तुम्ही खुर्चीत बसलात की तुमची टर. ओळखीचं वाटतंय का?

मग आपल्याकडं या. २८ ऑगस्ट १९४९. शंकर हा देशातला नावाजलेला व्यंगचित्रकार. त्यानं बाबासाहेबांना गोगलगायीवर बसवलं. गोगलगाय म्हणजे राज्यघटना. त्यांच्या हातात चाबूक, आणि मागं नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती माणसं बघतायत. हे चित्र २००६ला अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आलं, आणि मे २०१२मध्ये त्यावरून संसद बंद पडली. सरकारनं पुस्तक मागं घेतलं. पुण्यात पुस्तकाच्या एका सल्लागाराचं ऑफिस फोडण्यात आलं. आणि टीव्हीवर, वर्तमानपत्रांत एकच धोशा: या लोकांना विनोद कळत नाही. नेहरू स्वतःवर हसत होते, तुम्हाला काय झालं?

आता ओझं काढा. नेहरूंना चाबूक दाखवला तर तो रेघेचा चाबूक असतो. नेहरूंच्या बापजाद्यांच्या पाठीवर त्याचे वळ नाहीत. पण बामणाच्या हातात चाबूक आणि पुढं महाराचा पोरगा, हे चित्र शंकरनं काढायच्या आधी शेकडो वर्षं गावागावात जिवंत काढलं जात होतं. तो म्हणेल, माझ्या मनात नव्हतं, चाबूक गोगलगायीसाठी होता. नसेल. ओझं काढणाऱ्याच्या मनात नसतं, बघणाऱ्याच्या पाठीवर असतं. आणि गोगलगाय तरी खरी का? घटना समितीला लागलेला सगळा वेळ २ वर्षं ११ महिने १८ दिवस. मसुदा समितीत सात जण. त्यातला कोण गेला, कोण मेला, कोण अमेरिकेत, कोण संस्थानच्या कामात, कोण आजारी, आणि काम एकट्या आंबेडकरांवर पडलं, हे आपण नाही, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीतच सांगितलं होतं. चित्र त्यानंतर दहा महिन्यांनी आलं. म्हणजे माहीत होतं.

तेव्हा राग बरोबर होता. ऑफिस फोडणं मला पटलं नाही, तेही इथं सांगतो. पुस्तकातलं पान गेलं म्हणून चित्र जात नाही. त्याला उत्तर दिलं ते आंध्रातल्या उन्नमती श्यामसुंदर या व्यंगचित्रकारानं. तो जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या फायली उपसत बसला. १९३२ ते १९४८पर्यंतची बाबासाहेबांवरची शंभराहून जास्त व्यंगचित्रं त्यानं गोळा केली, एकेक उलगडून शेजारी त्या दिवशी खरं काय घडलं होतं ते लिहिलं, आणि २०१९ला पुस्तक छापलं. शंभर चित्रं एका ओळीत लावली की ‘सहज गंमत केली’ हे बोलायची सोय राहत नाही. लोकांना विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांना विचारा, तो विनोद जरा समजावून सांगा. समजावून सांगताना त्यांची जीभ कशी अडखळते ते बघा.

आणि हसणं आपल्याला नवीन आहे? तमाशाच्या फडात पाटलाची, सावकाराची, खुद्द देवाची फिरकी घेणारा सोंगाड्या कुठल्या वस्तीतून यायचा? जोतिबांनी १८५५ला ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं, त्यात जोशीबुवा भोळ्या कुणब्याला लुबाडत असताना मध्ये तोंड घालणारा विदूषक उगाच घातला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगाव लोकांना हसवत हसवत उठवलं. आपल्याकडं जीभ होती, अंग होतं, ढोलकी होती. शाई आणि छापखाना दुसऱ्याचा होता. म्हणून सोंगाड्याचं हसणं पहाटे फडाबरोबर उठून गेलं आणि शंकरचं हसणं फायलीत राहिलं.

चित्राच्या ताकदीबद्दल अजून शंका असेल तर लांब जाऊ नका. याच मुंबईत १३ ऑगस्ट १९६०ला ‘मार्मिक’ निघालं. व्यंगचित्रांचं साप्ताहिक. त्यातून सहा वर्षांत एक सेना उभी राहिली. कारखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणून छापल्या गेल्या. मराठी बेकार पोराचा राग खरा होता. मालकाकडं जाणारा तो राग लुंगीवाल्या कारकुनाकडं वळवला गेला. रोममधला गिलावा पुन्हा एकदा.

आता आपल्या नावाच्या मूळ मालकांकडं. १९७२ला मुंबईत पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्यांच्या जाहीरनाम्याची चर्चा आपण खूप केली. त्यांच्या चित्रकाराची केली नाही. एमरी डग्लस. पोरवयात सुधारगृहात गेला, तिथं छापखान्यात काम केलं, पुढं कॉलेजात जाहिरातीची चित्रकला शिकला. १९६७ला पँथरच्या पेपरासाठी त्याला सांगण्यात आलं, डुक्कर काढ आणि त्याच्यावर अमुक पोलिसाचा बिल्ला नंबर टाक. त्यानं काढलं. मग डुकराला दोन पायांवर उभं केलं, वर्दी चढवली, भोवती माश्या घोंगावल्या. पोलिसांना डुक्कर म्हणायची बोली जुनी होती, पण हे चित्र पोरांच्या तोंडात जाऊन बसलं. पैसा नव्हता. काळी शाई आणि सोबत एखादाच रंग. मार्कर, चिकटवायची अक्षरं, तयार ठिपक्यांचे कागद. जाड रेघ, कारण बारीक चुका जाड रेघेत लपतात. पेपर ऐन भरात आठवड्याला लाखावर खपायचा आणि चित्रं भिंतीवर लागायची. डुकराइतकीच त्यानं आपली माणसं काढली. पोराला कडेवर घेतलेली बाई, पिशवीत किराणा भरून नेणारी म्हातारी. नुसता शत्रू काढणारा थोड्या दिवसांत शत्रूचाच चित्रकार होतो, हे त्याला कळलं असावं.

सरकारलाही कळलं. जानेवारी १९६९मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रॉन करेंगाच्या काळ्यांच्याच संघटनेशी झालेल्या भांडणात दोन पँथर गोळ्या लागून मेले. त्यानंतर अमेरिकेच्या केंद्रीय पोलिसांच्या सान डिएगो ऑफिसनं काय केलं असेल? व्यंगचित्रं काढली. एका संघटनेनं दुसरीची टर उडवल्यासारखी, निनावी, पोस्टानं वस्तीत पाठवलेली. त्याच साली मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये सान डिएगोत आणखी दोन पँथर मेले, मारणारे पुन्हा काळेच. या गोळीबाराचं आणि मारामाऱ्यांचं श्रेय काही अंशी आपल्या कामाला जातं, असं त्या ऑफिसनं वरिष्ठांना लिहून कळवलं. १९७६ला सिनेटच्या चौकशी समितीनं हे कागद बाहेर काढले. तोवर पोरं पुरून सात वर्षं झाली होती.

आपल्या पँथरची फूट १९७४ला झाली. पोलिसांना चित्र काढायची तसदी घ्यावी लागली नाही. आपणच एकमेकांवर काय काय लिहीत होतो ते जुने अंक काढून वाचा. तेव्हा यापुढं कुणाच्या मोबाईलवर आपल्यातल्याच कुणाची टर उडवणारं चित्र येईल, खाली नाव नसेल, आणि हसू फुटेल, तर पुढं ढकलायच्या आधी विचारा, हे काढलं कुणी.

माझं बोलणं एवढंच. मागं सतरंजीवर प्रेसमधले पाठकोरे कागद ठेवलेत, पाचशेच्या वर असतील. काळी शाई आहे, बोरू आहेत, जाड मार्कर आहेत. रंग लाल एकच मिळाला. जेवणानंतर तीन वाजता बसू. ज्यांना चित्र येत नाही त्यांनी पुढच्या रांगेत बसावं.